दिवाडीला घर घेताना

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गोव्याला जाऊन आलेल्या माणसाला जुने गोवे माहीत असतं. बॉम जीझसचं चर्च, समोरचं से कॅथेड्रल, दोन-चार फोटो, शहाळ्याचं पाणी, आणि गाडी पुन्हा पणजीच्या किंवा मंगेशीच्या वाटेला. पण से कॅथेड्रलच्या पलीकडून एक रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून मांडवीच्या धक्क्याकडे उतरतो. तिथे एक सपाट बुडाची फेरीबोट उभी असते. पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. मोटारीला किरकोळ शुल्क असतं. पाच-सात मिनिटांत बोट पलीकडे लागते, लोखंडी फळी खाली पडते, आणि तुम्ही दिवाडी बेटावर असता.

आज या बेटाची ओळख करून द्यायची आहे. पाहायला जाणाऱ्यांसाठी, आणि विशेष करून ज्यांच्या मनात ‘इथे एखादं घर मिळालं तर’ असा विचार येतो त्यांच्यासाठी. तो माझ्याही मनात आला होता. नोकरीची तीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जदारांच्या मालमत्तेचे कागद तपासण्यात. तरीही दिवाडीत मी चुकता चुकता वाचलो. ते पुढे सांगतोच.

आधी गाव. दिवाडी हे तिसवाडी तालुक्यातलं, मांडवीच्या पात्रातलं बेट. पिएदाद, मळार, नार्वे, गोलती, नावेली अशा वस्त्या त्यावर विखुरलेल्या आहेत. बेटावर यायला जुन्या गोव्याहून, रायबंदरहून आणि उत्तरेला डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून फेरीबोटी आहेत. मोटारीसाठी पूल नाही. गंमत अशी की रेल्वेला मात्र पूल आहे. करमळीहून थिवीकडे जाणारी कोकण रेल्वे दिवाडीवरूनच धडधडत जाते. 1998 साली कोकण रेल्वेची सलग वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून मुंबई-मडगावची माणसं या बेटावरून जातात, पण बेटावर स्टेशन नाही. खिडकीतून हिरवी शेतं दिसतात, कुणीतरी ‘हे कुठलं गाव?’ म्हणून विचारतं, तोवर नदी येते.

पाहण्यासारखं काय? पिएदादच्या टेकडीवर अवर लेडी ऑफ कम्पॅशनचं पांढरंशुभ्र चर्च आहे. चर्चसमोर उभं राहिलं की खाली भातशेती, पलीकडे मांडवी, आणि तिच्या पलीकडे जुन्या गोव्याची शिखरं झाडांतून वर आलेली दिसतात. शेजारच्या दफनभूमीत एक लहान चॅपल आहे. त्यात कदंबकालीन देवळाचे अवशेष आहेत. जरा थांबून पाहावं.

बेटाच्या उत्तरेला नार्व्याच्या बाजूला गेलात तर मराठी माणसाच्या ओळखीचा एक धागा हाती लागतो. गोव्याच्या कदंब राजांचं आराध्यदैवत सप्तकोटीश्वर. ते आपल्या बिरुदात आणि नाण्यांवर या देवाचं नाव मिरवत. त्याचं मूळ देऊळ या दिवाडीवर होतं. बहामनी काळात ते मोडलं, विजयनगरच्या अमलात पुन्हा उभं राहिलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. भाविकांनी देव नदीपलीकडे, डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला नेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला, तसा शिलालेख देवळात आहे. अलीकडे गोवा सरकारने या देवळाची डागडुजी केली आणि 2023 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. दिवाडीवर मागे राहिली ती जुनी तळी आणि अवशेष. फेरीबोटीने नदी ओलांडली की एकाच सकाळी देवाचं जुनं ठिकाण आणि नवं देऊळ दोन्ही पाहून होतं.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी गेलात तर पिएदादला ‘बोंदेरां’ असतो. बांदेर म्हणजे निशाण. पूर्वी वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं होत, हद्दीवर निशाणं लावत, आणि दुसऱ्या वाड्याची पोरं ती दगड मारून पाडत. त्या भांडणाचा आता उत्सव झाला आहे. बांबूच्या नळीची ‘फोटाश’ नावाची खेळण्यातली बंदूक करतात आणि दगडांच्या जागी तिरफळं उडवतात. त्या दिवशी फेरीबोटींना अलोट गर्दी असते. गाडी अलीकडेच ठेवून चालत जावं, हे बरं.

हद्दीची ही गोष्ट मुद्दाम सांगितली. कारण दिवाडीत जमिनीच्या तुकड्याला किती बाजूंनी किती माणसं धरून बसलेली असतात, हे मला पुढे कळायचं होतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते नवरा-बायको, पावसाळा संपता संपता. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, आणि पुढे दोन्ही बाजूंना बसायला दगडी बाक असलेला बाल्कांव. सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत उंडे घेऊन आला. माझी पत्नी म्हणाली, “इथे सकाळी चहा प्यायला मिळाला तर मला दुसरं काही नको.” तिचा शब्द माझ्या मनात बसला. दलालाने दुसऱ्याच दिवशी एक बंद घर दाखवलं. पुढे भातशेती, मागे आंब्या-फणसाची झाडं. त्याने सांगितलं, “मालक लंडनला असतात, मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे. इसार दिलात की महिन्यात खरेदीखत.”

श्रोतेहो, आपल्याकडे सात-बारा पाहतात तसा गोव्यात ‘फॉर्म एक आणि चौदा’ पाहतात. त्यावर मालकाच्या रकान्यात एकच नाव होतं, तेही पूर्वीच वारलेल्या माणसाचं. इथे थांबायला हवं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. मूळ संहिता 1867 सालची. वारसाहक्काची कार्यवाही आता 2012 च्या गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे होते. लग्न झालं की, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत सामाईक ठरते. म्हणून विकणाऱ्याबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. आई-वडिलांना मुलांचा अर्धा हिस्सा काढून घेता येत नाही, आणि मुलीचा वाटा मुलाइतकाच. त्यामुळे आजोबांच्या नावावरच्या घराला चार मुलं असतील तर चारांच्या आणि त्यांच्या चार जोडीदारांच्या सह्या हव्यात. कुणी वारलं असेल तर त्याची विधवा आणि मुलं. वाटण्या झाल्या असतील तर ‘इन्व्हेंटरी’ म्हणजे वारसांच्या यादीचं प्रकरण न्यायालयात झालेलं असतं. त्याची नक्कल मागावी.

आमच्या घराचे वारस मोजले तर एक भाऊ लंडनला, एक बहीण मुंबईत, एक बहीण म्हापशाला, आणि धाकटा भाऊ परदेशातच वारलेला. मुखत्यारपत्र होतं ते फक्त थोरल्याचं. धाकट्याच्या विधवेला घर विकायला काढलंय याची खबरही नव्हती. मुंबईच्या बहिणीला फोन केला, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “त्या बाल्कांवावर माझे वडील बसायचे. मला कुणी विचारलंच नाही.” बँकेत मी शेकडो कागद पाहिले, पण कागदातून सुटलेल्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. खरं सांगायचं तर त्याआधी आठवडाभर इसाराचा धनादेश माझ्या खिशात तयार होता.

दुसरी गोष्ट मागच्या आवारातली. फणसाखाली एक लहान घर होतं, तिथे एक म्हातारी आणि तिचा मुलगा राहत. दलाल म्हणाला, “ती कामाची माणसं, सांगितलं की जातील.” तसं नसतं. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला गोव्यात मुंडकार म्हणतात, आणि 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याला सहजासहजी हुसकावता येत नाही. उलट आपलं राहतं घर आणि त्याभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. शेत कसणाऱ्या कुळालाही कुळकायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा जागा पाहताना मागच्या दाराला जाऊन कोण राहतं ते विचारा. नमस्कार करून विचारलंत तर माणसं सरळ सांगतात.

तिसरी गोष्ट घरासमोरच्या शेताची. ते शेत म्हणजे खाजण. मांडवी इथे खारी आहे, भरती-ओहोटीबरोबर पाणी चढतं-उतरतं. शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी माती, पेंढा, चिरे घालून बांध रचले आणि नदीच्या मुखात गेलेली दलदल शेतीखाली आणली. बांधाला मध्ये ‘मानस’ असते. मानस म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की झडपा मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. यंत्र नाही, वीज नाही. खाऱ्या मातीत टिकणारा कोरगुट भात या शेतात पिकतो, आणि मानशीपाशी मासे मिळतात. बांध फुटला तर मात्र खारं पाणी आत शिरतं, आणि ते मीठ धुऊन जायला पावसाळे जावे लागतात.

या जमिनींची व्यवस्था पूर्वी गावकारीकडे, म्हणजे कोमुनिदादीकडे होती. पुढे कुळांच्या संघांकडे बांधाची जबाबदारी आली. तरुण माणसं पणजीला, आखातात, इंग्लंडला गेली, आणि बांधावर माती टाकायला हात कमी पडू लागले. मी बांधावरून चालत होतो तेव्हा एक वयस्क शेतकरी भेटला. मी घर पाहायला आलोय हे त्याला गावभर झालेल्या चर्चेतून माहीतच होतं. तो कोंकणीत एवढंच म्हणाला, “बाब, बांदार कोण येतलो?” बांधावर कोण येणार? रागाने नाही, चौकशी केल्यासारखं. मला उत्तर देता आलं नाही. शेताचा देखावा मी किमतीत धरला होता, पण तो देखावा टिकवण्याचं काम कुणाचं, हे हिशोबात नव्हतं.

कायद्यानेही या शेताला हात लावणं सोपं नाही, आणि नसावंच. 2023 च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी केली आहे. भरती-ओहोटीच्या पाण्याकाठच्या जागेला किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात, ते नदीकाठालाही लागू असतात. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या भारतीय नागरिकांना घर घेता येतं, पण शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. कोमुनिदादीची जमीन कुणी ‘आपली’ म्हणून दाखवत असेल तर सावध व्हा. ‘झोन बदलून देतो’ असं सांगणाऱ्यापासून तर दोन हात दूर राहा. एकेका तुकड्याचा झोन बदलण्याच्या तरतुदी 2023 आणि 2024 मध्ये आल्या आणि त्यावरून गोव्यात आंदोलनं झाली, प्रकरणं न्यायालयात गेली. अशा आधारावर आयुष्याची पुंजी लावू नये.

आणि फेरीबोट. पाहुण्याला ती मौज वाटते, रहिवाशाला ती घड्याळासारखी असते. मोठं इस्पितळ बांबोळीला, नदीपलीकडे. रात्री छातीत कळ आली तर आधी बोट. दिवाडीला पूल हवा की नको, यावर बेटावरच दोन मतं ऐकू येतात. आजारी माणूस घरात असलेला म्हणतो हवा. शेजारचे म्हणतात, पूल आला की तुमच्यासारखे हजार येतील. दोघांचंही खरं आहे. घर घेण्याआधी एकदा पावसाळ्यातल्या रात्री तिथे राहून पाहा, वीज गेलेली असताना, शेवटच्या बोटीची वेळ विचारत.

आम्ही ते घर घेतलं नाही. धनादेश फाडून टाकला. पुढे त्या वारसांनी आपसांत इन्व्हेंटरीचं प्रकरण सुरू केलं असं कळलं. मुंबईची बहीण त्यात आहे, याचं मला समाधान वाटलं. आम्ही पिएदादला एका कुटुंबाकडे वरची खोली भाड्याने घेतो, वर्षातून दोन महिने. पत्नीला सकाळचा चहा बाल्कांवावर मिळतो. बाल्कांव दुसऱ्याचा आहे, पण चहाला त्याने फरक पडत नाही, असं ती म्हणते.

मागच्या मे महिन्यात पावसाआधी बांधाची दुरुस्ती चालू होती. मीही गेलो. माझ्या वयाला घमेलं फार वेळ झेपलं नाही. तासाभराने तो म्हातारा शेतकरी म्हणाला, आता बसा, पाणी प्या. मी बसलो. समोरून रेल्वे गेली, आणि खिडक्यांतून माणसं आमच्याकडे पाहत होती.