बसून बिघडणारी गाडी

2020 च्या ऑक्टोबरात बीएमडब्ल्यूने आपल्या काही प्लग-इन हायब्रिड गाड्यांच्या मालकांना एक चमत्कारिक सूचना दिली. गाडी चालवा, पण चार्जिंगला लावू नका. स्पोर्ट मोड वापरू नका, स्टिअरिंगमागच्या पॅडलनी गिअर बदलू नका. कारखान्यात बॅटरीचे सेल बनताना त्यांत बारीक कण राहून गेले होते आणि त्यांमुळे शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याची भीती होती. जगभरच्या सुमारे 26,700 गाड्या यात अडकल्या. त्यांत 330ई होती. जिची सगळी ऐट स्पोर्ट्स सेडान म्हणून, तिलाच स्पोर्ट मोडची बंदी!

या बातमीमुळे प्लग-इन हायब्रिडची भीती म्हणजे बॅटरीची आग, असे समीकरण अनेकांच्या डोक्यात बसले. सदोष सेलची गाडी एकदा दुरुस्त झाली की तो विषय संपतो. मालकाला वर्षानुवर्षे छळणारी दुखणी वेगळी आहेत, आणि त्यांतली बरीचशी गाडी चालवल्यामुळे नव्हे, तर तिचा अर्धा भाग बसून राहिल्यामुळे होतात.

2019 मध्ये आलेल्या 330ई ची रचना मोठी हुशारीची आहे. पुढे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 184 अश्वशक्तीचे. आठ गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये बसवलेली 113 अश्वशक्तीची मोटर. दोन्ही मिळून 252, आणि पाय दाबून धरला तर काही सेकंदांपुरत्या 292. बारा किलोवॅट-तासांची बॅटरी मागच्या सीटखाली आहे. तिला जागा देण्यासाठी पेट्रोलची टाकी मागच्या चाकांच्या वर सरकवली, आणि डिकी 480 लिटरची होती ती 375 वर आली. साध्या 330आय पेक्षा गाडी दोनशे किलोंहून जास्त जड झाली, तरी शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठते.

आता एवढी गाडी सकाळी दारात मेल्यासारखी उभी राहते तेव्हा दोष बहुधा कोणाचा? बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीचा. मोठी बॅटरी सुरक्षेसाठी गाडीच्या बाकी वायरिंगपासून तोडलेली असते. तिला जोडणारे स्विच ही छोटी बॅटरी चालवते. छोटी उतरली की मोठीत कितीही वीज असली तरी उपयोग शून्य. गाडी उभी असतानाही अलार्म, कुलपाचे रिसिव्हर, मोबाइल अ‍ॅपशी बोलणारा मोडेम थोडी थोडी वीज पीत असतात. आठवडाभर बाजारापलीकडे न गेलेल्या गाडीत ती भरून निघत नाही. जर्मनीतली एडीएसी ही संस्था रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची दरवर्षी मोजदाद करते; तिच्या अलीकडच्या आकड्यांत दहांपैकी चारांहून जास्त गाड्या याच बॅटरीपायी अडलेल्या दिसतात.

दुसरे दुखणे एसीचे. 330ई ची मोठी बॅटरी एसीच्याच गॅसने थंड ठेवली जाते. म्हणजे गॅस गळाला तर फक्त घाम येत नाही; बॅटरी तापते, ताकद कमी केली जाते, चार्जिंग नाकारले जाते. एसीचा कॉम्प्रेसरही मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो. त्यात ओल शिरून इन्सुलेशन कमी पडले की गाडीची सुरक्षायंत्रणा वीज रोखते आणि पडद्यावर नुसतेच 'ड्राइव्हट्रेनमध्ये बिघाड' असे लिहून येते. मेकॅनिकला कॉम्प्रेसर, केबल, हीटर एकेक सुटा करून दोषी शोधावा लागतो. त्यासाठी उच्च दाबाच्या विजेवर काम करण्याचे प्रशिक्षण लागते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने यात हात घालू नये, आणि शहाणा असेल तर तो घालतही नाही. बिल फुगते ते या शोधाशोधीत.

पण मला सर्वांत रस वाटतो तो इंजिनाच्या आळसात. रोज पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन रात्री चार्ज करणाऱ्याचे इंजिन आठवडा-आठवडा सुरूच होत नाही. मग एके दिवशी हायवेवर ओव्हरटेक करताना तो पाय दाबतो, आणि थंडगार इंजिन जागे होऊन लगेच भारी कामाला लागते. थंड सिलिंडरच्या भिंतीवरून थोडे पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, पाण्याची वाफही जमते. इंजिन नीट तापले तर दोन्ही उडून जातात. इथे पाच मिनिटांत ते पुन्हा बंद होते. ऑइल पातळ होत राहते आणि किलोमीटरचा आकडा मात्र निरागस दिसतो. म्हणून अशा गाडीचे ऑइल अंतर पाहून नव्हे, महिने पाहून बदलावे.

टाकीचेही तेच. साध्या गाडीत पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि चालते इंजिन ती ओढून जाळते. इंजिनच बंद तर ओढणार कोण? म्हणून 330ई ची टाकी हवाबंद, दाब सहन करणारी आहे. पेट्रोल भरण्याआधी दारातले बटण दाबायचे, दाब सुटेपर्यंत थांबायचे, मग झाकण उघडते. तिथला व्हॉल्व्ह किंवा सेन्सर रुसला की पंपावर मागे रांग आणि आपण बंद झाकणासमोर! ब्रेकनाही काम कमी: वेग मोटरच कमी करते, त्यामुळे हिवाळ्यात मीठ टाकलेल्या युरोपी रस्त्यांवर डिस्क गंजत जातात.

अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या 2023 च्या पाहणीत प्लग-इन हायब्रिड गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा 146 टक्के जास्त तक्रारी निघाल्या. प्लग नसलेल्या साध्या हायब्रिडमध्ये मात्र 26 टक्के कमी. मोटर, बॅटरी, इंजिन दोन्हीकडे आहेत. प्लग-इनमध्ये चार्जिंगचे जास्तीचे भाग आहेत आणि बरीच मॉडेल नवी आहेत, हे खरे. पण साध्या हायब्रिडचे इंजिन जवळजवळ प्रत्येक फेरीत चालते, हा फरक मला लहान वाटत नाही.

ब्रिटनमध्ये कंपनीच्या गाडीवरचा कर कागदावरच्या कार्बन उत्सर्जनावर ठरतो, त्यामुळे 330ई तिथे कंपन्यांनी ढिगाने घेतल्या. युरोपातल्या 2022 च्या एका अभ्यासात कंपनीच्या प्लग-इन गाड्या जेमतेम 11 ते 15 टक्के अंतर विजेवर चालल्याचे दिसले. खासगी गाड्या 45 ते 49 टक्के. पर्यावरणाच्या दृष्टीने ही लबाडीच. पण जुनी गाडी घेणाऱ्याने हे आकडे उलटे वाचावेत. लाखभर किलोमीटर हायवेवर पळालेल्या कंपनीच्या गाडीचे इंजिन भरपूर तापलेले, ऑइल वेळेवर बदललेले, डिस्क घासून चकचकीत असण्याची शक्यता जास्त. 'एकाच मालकाची, फार कमी चाललेली' म्हणून समोर येणाऱ्या गाडीच्या सर्व्हिसच्या नोंदीत ऑइलच्या तारखा दोन-दोन वर्षांच्या अंतराने असतील, तर ती सोडून पहिली घ्यावी असे मी म्हणेन. दोन्हींत बारा व्होल्टची बॅटरी किती जुनी आहे ते विचारावे, एसी पंधरा मिनिटे चालवून पाहावा आणि टाकीचे झाकण एकदा तरी उघडून घ्यावे.

2024 मध्ये 330ई ला 19.5 किलोवॅट-तासांची बॅटरी मिळाली. कागदावर ती विजेवर शंभर किलोमीटरपर्यंत जाते. चार्जिंगही पूर्वीपेक्षा तिप्पट वेगाने होते. म्हणजे घरी चार्जर असलेल्या मालकाचे इंजिन आता आणखी कमी जागे होणार.