कुत्र्याच्या छत्र्या आणि आमची मंडळी

वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून बावीस वर्षे मी दर पावसाळ्यात कवकांचा धडा घेतला. फॉर्मॅलिनच्या बरणीतली अळिंबी टेबलावर ठेवायची, फळ्यावर आकृती काढायची, भागांना नावे द्यायची, की झाले. एका जुलैत रात्री साडेदहाला गावातल्या डॉक्टरांचा फोन आला. आमच्याच कॉलेजच्या हिरवळीवरच्या पांढऱ्या छत्र्या एका कुटुंबाने नेल्या होत्या, त्यांची भाजी केली होती आणि दोन तासांत घरातल्या चौघांनाही उलट्या-जुलाब सुरू झाले होते. डॉक्टर म्हणाले, ‘‘सर, तुम्ही त्यातले. ही कोणती आणि कितपत विषारी, एवढेच सांगा.’’ मला सांगता आले नाही. ज्या हिरवळीच्या कडेने मी रोज वर्गात जात होतो, तिथे उगवणाऱ्या वस्तूचे नाव मला ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी मग घड्याळावरून अंदाज बांधला. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत पोट बिघडले, तर त्रास पुष्कळ होतो, पण माणूस बहुधा वाचतो. भीती असते ती उशिरा होणाऱ्या त्रासाची. अमॅनिटा वंशातल्या काही जातींत यकृतावर घाला घालणारे विष असते. ते खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक काळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबतात, घरच्यांना वाटते सुटलो. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होऊ लागते. हे विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. अर्थात घड्याळाचा हा नियम डॉक्टरांसाठी आहे, घरी बसून वाट पाहण्यासाठी नाही. भाजीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. त्रास लवकर झाला काय किंवा उशिरा, दवाखाना गाठायचा आणि उरलेली छत्री, निवडून टाकलेले तुकडेसुद्धा, बरोबर न्यायचे.

ते चौघे सुदैवाने तीन दिवसांत घरी गेले. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवळीवरून एक पूर्ण उमललेली छत्री आणली, दांडा कापला, टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घातली आणि वर वाडगे झाकले. संध्याकाळी वाडगे उचलले, तर कागदावर टोपीखालच्या पात्यांची रेघनरेघ उमटलेली होती, आणि तिचा रंग होता हिरवट. हे बीजाणूंचे ठसे. पुस्तकात मी हे शेकडो वेळा वाचले होते, करून कधी पाहिले नव्हते. मोठ्या छत्र्यांमध्ये हिरवा ठसा उमटवणारी जवळजवळ ही एकच, क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. कोवळेपणी तिची पाती पांढरीशुभ्र असतात, हिरवी झाक नंतर येते, म्हणून माणसे फसतात.

त्या पावसाळ्यात आम्ही सहाजण जमलो. डॉक्टर, मी, दोन विद्यार्थी, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि फोटोचा छंद असलेल्या एक बँक कर्मचारी बाई. आज आमची संख्या तीसच्या घरात आहे. महिन्यातून एका शनिवारी व्याख्यान, आणि जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला सहल.

कल्पना आमची नव्हे. इंग्लंडमध्ये हेरफर्ड इथल्या वूलहोप नावाच्या निसर्गमंडळाने १८६८ मध्ये अशी पहिली ‘स्वारी’ काढली; पुढाकार डॉ. बुल यांचा होता. म्हणजे तिथेही डॉक्टरच. दिवसभर रानात हिंडायचे, संध्याकाळी टेबलावर सारे मांडून नावे ठरवायची, आणि खाण्याजोगी असतील ती जेवणात. अशाच एका सहलीच्या निमित्ताने जमलेल्या लोकांनी १८९६ मध्ये यॉर्कशरमधल्या सेल्बी गावी ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी स्थापली. या विषयात हौशी माणसांचे काम पहिल्यापासून मोठे आहे. ससुल्यांच्या गोष्टींमुळे ठाऊक असलेल्या बिअॅट्रिक्स पॉटर यांनी अळिंबीची अप्रतिम चित्रे काढली आणि बीजाणू कसे रुजतात यावर निबंध लिहिला. १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत तो दुसऱ्याने मांडला, कारण सभेला स्त्रियांना प्रवेश नव्हता. आमच्या बँकेतल्या बाई ही गोष्ट नव्या सभासदांना आवर्जून सांगतात.

आपल्याकडेही पाया भक्कम आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा वाळवलेल्या कवकांचा संग्रह आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कवकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकाचे नाव तर चक्क ‘कवक’ आहे. उणीव आहे ती शास्त्रज्ञ आणि रानात जाणारा माणूस यांच्या मधल्या दुव्याची.

आता सहलीबद्दल. सामान थोडेच: वेताची टोपली, बोथट सुरी, भिंग, वर्तमानपत्राचे कागद, वही. प्लॅस्टिकची पिशवी आणणाऱ्याला आम्ही परत पाठवत नाही, पण टोमणे मिळतात; पिशवीत छत्र्यांना घाम सुटतो आणि घरी पोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो. छत्री वरून खुडायची नाही. सुरीने बुडाशी उकरून सबंध काढायची, कारण अमॅनिटाची ओळख सांगणारी पिशवीसारखी वाटी मातीतच राहून जाते. ती कशावर उगवली, शेणावर, कुजक्या लाकडावर की नुसत्या मातीत, शेजारी झाड कोणते, वास कसा, हे तिथेच लिहायचे. एका जातीचे एक-दोन नमुने घ्यायचे, बाकीचे जागेवर. अभयारण्यात तर काहीच उचलायचे नाही, फक्त फोटो. दुपारी शाळेच्या पडवीत सतरंजीवर सारे मांडतो. तीन रांगा असतात: नक्की ओळखलेल्या, बहुधा असाव्यात अशा आणि अनोळखी. तिसरी रांग नेहमी सर्वांत लांब. तिची मला पूर्वी लाज वाटे, आता वाटत नाही. जगात कवकांच्या सुमारे दीड लाख जातींची नोंद झाली आहे, आणि अंदाज वीस लाखांच्या पुढचे आहेत.

एकदा वाटेत एक म्हातारी भेटली. टोपलीत डोकावून म्हणाली, ‘‘मास्तर, ही समदी कुत्र्याची छत्री. वारुळाची घावली का?’’ मग तिने आम्हाला वारुळाशी नेले आणि हाताने माती सारत सारत छत्रीचा दांडा वीतभर खोल दाखवला. ही टर्मिटोमायसिस, कोकण-गोव्यात अळंबी किंवा अळमी, विदर्भात सात्या. वाळवी पालापाचोळा चावून आत मधाच्या पोळ्यासारखा मळा करते, त्यावर हे कवक वाढवते आणि खाते. पावसात त्याच मळ्यातून छत्री वर येते. माणसाला हिची बाजारापुरती लागवड अजून साधलेली नाही. म्हातारीची खूण पक्की होती: दांडा मुळासारखा निमुळता होत वारुळात गेला पाहिजे. पण ती खूण तिच्या रानाची, तिच्या डोळ्यांची. शहरातून आलेल्या माणसाने ती ऐकून घरी स्वयंपाक करू नये.

आणि इतर ज्या खुणा सांगितल्या जातात, त्या साफ खोट्या. चांदीचा चमचा काळा पडतो, किडे लागले म्हणजे खायला हरकत नाही, हळद टाकली की विष उतरते: यातल्या एकाही परीक्षेवर जीव टाकता येत नाही. यकृत नासवणारी छत्री गोगलगाय सुखाने खाते. म्हणून आमच्या मंडळींत एकच कडक नियम आहे, सहलीतले काही शिजवायचे नाही. वूलहोपवाल्यांचे जेवण आम्ही पिठलं-भाकरीवर भागवतो. यावरून दोन सभासद रुसून गेले. जाऊ देत.

भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री कुजक्या काटक्या हिरवट उजळतात, तो प्रकाश कवकाचाच. तो पाहायला सगळ्या बॅटऱ्या बंद करून पंधरा-वीस मिनिटे गप्प बसावे लागते, तेव्हा डोळे अंधाराला सरावतात. हल्ली गर्दी इतकी होते की कोणी ना कोणी मोबाइल पेटवतोच, आणि ओल्या काटक्या पायाखाली चिरडल्या जातात. आम्ही तिकडे जाणे थांबवले. आमच्या टेकडीवर प्रकाश नाही, पण लाकडावरचे कान आहेत, मातीतल्या चांदण्या आहेत, आणि बोटाएवढ्या वाडग्यांत अंडी ठेवल्यासारखी दिसणारी ‘पक्ष्याची घरटी’ आहेत. रेडिओवर दाखवता येत नाही, नाहीतर एक घरटे आज खिशात घालून आणलेच आहे.

कॉलेजच्या हिरवळीवर त्या पांढऱ्या छत्र्या अजून येतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरात माळ्याचा फोन येतो, ‘‘सर, तुमच्या हिरव्या आल्या.’’ मग मी आणि डॉक्टर जाऊन कुंपणावर पाटी लावून येतो.