हवेचा कोंडमारा

हिवाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहत असताना एक दृश्य आपल्यापैकी बहुतेकांच्या नजरेस पडले असेल. सूर्य नुकताच मावळलेला असतो, वारा पडलेला असतो आणि दूरवरच्या खेड्यात घराघरांतून चुलींचा धूर निघत असतो. तो थोडासा वर चढतो आणि झाडांच्या शेंड्यांपाशी येताच थबकतो. तेथून पुढे तो आडवा पसरतो आणि निळसर पट्ट्यासारखा सबंध गावावर तरंगत राहतो. चित्रकाराला हे दृश्य मोहक वाटेल, आणि ते मोहक आहेही. परंतु आपल्या शहरांची हवा हिवाळ्यातच एवढी का बिघडते, या प्रश्नाचे उत्तर त्या निळ्या पट्ट्यात आहे.

चुली काही उन्हाळ्यात विझत नाहीत. मोटारी, कारखाने, वीजकेंद्रे, विटांच्या भट्ट्या यांचा धूर वर्षातले बहुतेक महिने निघतच असतो. मग मे महिन्याच्या दुपारी जो धूर आपल्या ध्यानातही येत नाही, तोच जानेवारीच्या सकाळी डोळ्यांत का झोंबावा?

दिवसा ऊन जमिनीला तापवते, जमीन तिला लागून असलेल्या हवेला तापवते, आणि तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. तिच्या जागी वरची थंड हवा खाली येते. सर्वसाधारणपणे आपण जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होत जाते. हे प्रमाण सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश सेल्सियस इतके पडते. म्हणून खालची हवा वर आणि वरची खाली अशी घुसळण सतत चालू असते, आणि त्या घुसळणीत धूर दूरवर विरून जातो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री मात्र सारे उलटते. आकाशात ढगांचे पांघरूण नसल्यामुळे जमीन आपली उष्णता भराभर बाहेर टाकते व गार पडते. तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते, आणि तिच्या डोक्यावर तुलनेने उबदार, हलकी हवा राहते. जड खाली आणि हलके वर, अशी रचना झाली की कोणी हलायलाच तयार नसते. शास्त्राच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता असे नाव आहे. आपण त्याला झाकण म्हणू.

या झाकणाची उंची किती असते ते पाहण्यासारखे आहे. उत्तर हिंदुस्थानात मे महिन्याच्या दुपारी हवेची घुसळण जमिनीपासून दोन-अडीच किलोमीटरपर्यंत पोचते. जानेवारीच्या पहाटे तीच मर्यादा शे-दोनशे मीटरवर येऊन ठेपते. म्हणजे तेवढ्याच धुराला राहायला दहावा हिस्सा जागा. धूर एका कणानेही न वाढता त्याची दाटी दहापट होऊ शकते. ऋतूने धूर निर्माण केला नाही. त्याने घर लहान केले.

आता या झाकणाखालचे भांडे पाहू. गंगेचे मैदान म्हणजे एक लांबट परात आहे. उत्तरेला हिमालयाची भिंत, दक्षिणेला विंध्याचे व छोटा नागपूरचे पठार. दिल्लीपासून समुद्र हजार किलोमीटर दूर, तेव्हा खाऱ्या वाऱ्याची फुंकर तेथवर पोचण्याची आशा नाही. ग्वाल्हेर, झाशी, कानपूर, काशी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना हे धुके नवे नाही. परंतु पूर्वीचे धुके पाण्याचे होते; आताच्या धुक्यात निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. जळणाऱ्या कोळशाचा गंधकयुक्त वायू, मोटारींतून निघणारी नत्राची संयुगे आणि खत घातलेल्या शेतांतून व गोठ्यांतून येणारा अमोनिया यांचा दमट, थंड हवेत संयोग होऊन अतिसूक्ष्म कण तयार होतात. त्या कणांवर बाष्प जमते व धुके अधिक दाट होते. दाट धुक्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. जमीन तापत नाही, म्हणून झाकण दुपारपर्यंत उघडत नाही. आणि झाकण उघडत नाही म्हणून कण साठतच जातात. हवामानाचा धुरावर परिणाम होतो हे सर्वांना ठाऊक असते. धूरही हवामानावर परिणाम करतो, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

हे कण अडीच मायक्रॉनांहून लहान असतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. नाकातले केस, घशातला ओलावा हे आपले द्वारपाल त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी पोचतात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. म्हणून दूषित हवेचा संबंध खोकल्या-दम्यापुरता नाही. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशात २००९ मध्ये ठरलेली मर्यादा ६० आहे. दिल्लीत हिवाळ्यातल्या वाईट दिवशी हा आकडा दोनशे-तीनशेच्या पुढे जातो. त्या दिवशी घरातल्या तान्ह्या मुलालाही तोच श्वास घ्यावा लागतो. त्याच्यासाठी निराळी हवा आणता येत नाही.

दिल्लीचे नाव निघाले की शेतकऱ्याकडे बोट दाखवण्याची रीत पडली आहे. या आरोपात तथ्य किती, हे पाहताना एक विलक्षण साखळी हाती लागते. पंजाब आणि हरियाणात भूगर्भातील पाणी झपाट्याने खाली चालले होते. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात भाताची लावणी केली की पाण्याची वाफ फार होते. म्हणून २००९ मध्ये दोन्ही राज्यांनी कायदे करून जूनचा पहिला आठवडा उलटल्याशिवाय लावणी करण्यास मनाई केली. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु लावणी लांबली तशी कापणीही लांबली. ऑक्टोबरच्या अखेरीस भात निघतो आणि नोव्हेंबरात गहू पेरायचा असतो. मधे दोन-तीन आठवडे, फार तर. कापणीचे यंत्र भाताचे धसकट शेतात उभेच ठेवते. ते उपटायला मजूर नाही, वेळ नाही, पैसा नाही. काडी लावली की एका दुपारी शेत मोकळे. आणि नेमके याच पंधरवड्यात वायव्येचा वारा मंदावू लागलेला असतो व रात्री थंड होऊ लागलेल्या असतात. पाणी वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने धुराची तारीख पुढे ढकलली, ती थेट झाकण बसण्याच्या मुहूर्तावर.

आपल्या कोकणातला शेतकरीही राब भाजतो. परंतु तो भाजतो उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, जेव्हा दुपारची हवा उंच उसळत असते. सह्याद्रीवरून पाहावे तो धुराचा खांब सरळ वर चढून विरून गेलेला दिसतो. भाजणी ती भाजणीच. ऋतू मात्र वेगळा.

तरीही सारा दोष पंजाबच्या पदरात टाकणे मला न्यायाचे वाटत नाही. शेतांतल्या आगींचा दिल्लीच्या हवेतला वाटा काही थोड्या दिवशी एक-तृतीयांशाच्याही वर जातो, हे खरे. परंतु नोव्हेंबर संपता संपता आगी विझतात, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीची हवा सुधारत नाही. पुष्कळदा ती अधिकच बिघडते. तेव्हा जळत असते ते शहराचे स्वतःचे: मोटारींचे तेल, कारखान्यांचा कोळसा, रस्त्याकडेचा कचरा, रखवालदाराने रात्री शेकण्यासाठी पेटवलेली शेकोटी. त्या शेकोटीवर दंड बसवण्यापूर्वी त्या माणसाला एक घोंगडी द्यावी, असे सुचवल्यावाचून राहवत नाही.

मुंबईकर या बाबतीत स्वतःला भाग्यवान समजत आला. दुपारी जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते व समुद्रावरून खारा वारा आत येतो; रात्री जमीन आधी गार होते व मतलई वारा समुद्राकडे वाहतो. हा वारा शहराचा धूर रोज बाहेर नेऊन टाकतो. परंतु रात्री बाहेर गेलेल्या धुरातला काही भाग दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याबरोबर परत येतो, हे आपण विसरतो. आणि वारा रोज वेळेवर येईलच, असा करार त्याने कोणाशी केलेला नाही. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहावरून दिसला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तर मुंबईची हवा काही दिवशी दिल्लीहूनही वाईट ठरली. प्रशांत महासागरात लागोपाठ तिसऱ्या हिवाळी टिकून राहिलेल्या ला निना या स्थितीमुळे आपल्या किनाऱ्यावरील वाऱ्यांची अदलाबदल मंदावली, असे काही शास्त्रज्ञांचे मत पडले. हे मत मान्य केले, तरी महासागराने मुंबईत सिमेंट आणि वाळू आणून टाकली नव्हती. जागोजागी चाललेल्या बांधकामांची धूळ आधीपासून होतीच. वारा थांबला तेव्हा ती दिसली. पुढच्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने स्वतःहून लक्ष घातले आणि बांधकामांभोवती आडोसे घालणे, पाणी शिंपडणे, मालमोटारी झाकून नेणे असे नियम निघाले.

हवा बिघडली की अधिकारी वाऱ्याला दोष देतात, आणि वारा सुटून हवा निवळली की त्याच वाऱ्याचे श्रेय स्वतःकडे घेतात. लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात ५ ते ९ तारखेपर्यंत असेच झाकण बसले होते. घरोघरच्या शेगड्यांचा कोळसा त्याखाली कोंडला. त्या वेळी मृतांचा आकडा चार हजार धरला गेला. पुढे संशोधकांनी फेरहिशेब केला तेव्हा तो बारा हजारांच्या घरात गेला. तेथेही धुक्याकडे बोट दाखवणारे होतेच. परंतु १९५६ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्वच्छ हवेचा कायदा केला, तो धुराड्यांसाठी केला. धुके लंडनवर पुढेही उतरले. तसे मृत्यू पुन्हा झाले नाहीत.

आपल्याकडे एक मोठी सोय आता झाली आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीसाठी हवेच्या गुणवत्तेचे भाकीत देणारी यंत्रणा उभी केली. नंतर पुणे आणि मुंबई ही शहरेही तीत आली. झाकण केव्हा बसणार, हे आता दोन-तीन दिवस आधी सांगता येते. म्हणजे भट्ट्या, मालमोटारी, खोदकाम यांना आधीच आवर घालता येतो. प्रत्यक्षात तो बहुधा आकडा चढल्यावर घातला जातो, पाऊस सुरू झाल्यावर छत्री विकत घ्यायला निघावे तसा.

शेवटी एक घरगुती गोष्ट. पहाटेची हवा शुद्ध असते, असे शाळेच्या पुस्तकात आपण सारे शिकलो, आणि कित्येक वडीलधारी माणसे त्या श्रद्धेने थंडीतही पाचच्या सुमारास फिरायला निघतात. मोठ्या शहरात, हिवाळ्यात, ही समजूत आता खरी राहिलेली नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढून डिसेंबरच्या सकाळी खाली पाहावे: पुण्यावर राखाडी थर पसरलेला दिसतो, आणि रस्त्यावरची वर्दळ वाढते तसा तो दाटत जातो. ऊन तापून झाकण उचलले जायला बरेच तास लागतात. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रोग्याने अशा दिवसांत फिरण्याची वेळ दुपारी तीन-चारच्या सुमाराची ठेवावी. तेव्हा घुसळण सर्वांत उंच पोचलेली असते. सूर्य कलल्यावर घरी परतावे.