सवलतीतले ई-पुस्तक आणि दर्यावर्दी

आपल्या वडगावापासून समुद्र लांब. आपल्याला ठाऊक असलेले पाणी म्हणजे निरा डाव्या कालव्याचे. तरीपण जग फिरलेल्या दर्यावर्दींची चरित्रे आपल्याला घरी बसून मोबाईलवर वाचता येतात. अशा पुस्तकाला ई-पुस्तक म्हणतात.

ई-पुस्तक स्वस्त कसे? त्याला कागद नाही, बांधणी नाही, एस.टी.ने पार्सल आणायचे नाही. एकदा तयार झाले की कितीही जणांना देता येते. म्हणून विकणारे कधी कधी थोडे दिवस किंमत उतरवतात. मुदत संपली की ती पुन्हा चढते. काही जुनी पुस्तके तर फुकटसुद्धा मिळतात. कारण आपल्या देशाच्या कायद्याने लेखक वारल्यावर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना मोकळे होते.

पण नुसते स्वस्त आहे म्हणून घेऊ नये. सुरुवातीची काही पाने बहुधा फुकट वाचायला देतात, ती आधी वाचावीत. मी चरित्र चाळते तेव्हा बघते, की नायकाबरोबरच्या माणसांचे काय झाले ते लिहिले आहे का? मॅगेलनचेच बघा. तो १५१९ साली पाच जहाजे घेऊन स्पेनहून निघाला. १५२१ साली फिलिपाईन्स बेटांवर लढाईत मारला गेला. १५२२ साली एल्कानो नावाच्या कप्तानाने 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज परत आणले. त्यावर अठराच माणसे उरली होती! मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा केली, एवढेच सांगणारे पुस्तक अपुरे.

आपल्याकडेही असा दर्यावर्दी आहे. नौदलातले दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकटेच निघाले. ही ५६ फुटी नौका गोव्यात बांधलेली. वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये ते परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांनी आपल्या सफरीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे. इंग्रजी नीट यायला लागले की मी ते वाचणार.

पालकांना एक विनंती. कागदाचे पुस्तक वर्गात हातोहात फिरते. मोबाईल मात्र घरात बहुतेक एकच, तोही वडिलांच्या खिशात. तेव्हा पैसे भरायचे काम तुम्ही करा आणि जेवणं झाल्यावर अर्धा तास फोन आम्हाला द्या. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. एका पुस्तकात सगळे घर जगाची सफर करील.