जलपर्णी ऑक्सिजन देते, मग तिच्याखाली मासा का गुदमरतो?



सिंगणपोर कॉजवेच्या वरच्या अंगाला तापी जलपर्णीने हिरवीगार होते, ते आपण सगळे बघतो. इथले लोक तिला जलकुंभी म्हणतात. "झाडं तर ऑक्सिजन देतात, मग जलपर्णीखाली मासा का मरतो?" असं बरेच जण विचारतात. त्यासाठी झाड जेवण कसं बनवतं ते आधी समजून घेऊ.

झाड पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि उन्हाच्या ताकदीवर हिरव्या पानात ग्लुकोज तयार करतं. कार्बन डायऑक्साइडचे 6 रेणू आणि पाण्याचे 6 रेणू यांतून ग्लुकोजचा 1 रेणू बनतो आणि ऑक्सिजनचे 6 रेणू बाहेर पडतात. अशक्तपणा आला की दवाखान्यात बाटलीतून चढवतात, तीच ही साखर.

झाड ती तीन कामांना वापरतं.

1. जगायला: साखर जाळून ताकद मिळवतं. त्याला ऑक्सिजन लागतो, दिवसा आणि रात्रीही.
2. वाढायला: साखरेचे रेणू जोडून पान, देठ, मुळं बांधतं. जुन्या सुती जाळ्याचा धागाही असाच बनलेला.
3. साठवायला: उरलेली साखर स्टार्च म्हणून ठेवतं. जलपर्णीचा हा साठा बुडख्यात असतो.

आता मुख्य गोष्ट. जलपर्णीची पानं पाण्याच्या वर असतात, म्हणून तिचा ऑक्सिजन बहुतेक हवेत जातो. थर दाट झाला की ऊन खाली उतरत नाही, आणि पाण्यात ऑक्सिजन सोडणारं बारीक शेवाळ उपाशी मरतं. वाराही पाण्याला लागत नाही. वर मुळं आणि कुजणारा पाला पाण्यातला ऑक्सिजन खातच राहतात. उघड्या पाण्यातसुद्धा रात्री ऑक्सिजन घटतो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो. म्हणून रोहू, कटला पहाटे वर येऊन तोंड मारतात. मरळ, मागूर हवेतून श्वास घेतात, ते तग धरतात.

म्हणून सभासदांनी एवढं पाळावं:

- नुसती पानं छाटू नका. बुडख्यातल्या साखरेवर ती परत फुटते. मुळासकट काढा.
- काढलेली जलपर्णी काठापासून लांब टाका. पाण्यात कुजली तर ऑक्सिजन आणखी घटतो.
- औषध मारू नका. हे पाणी शहर पितं, आणि मेलेला थर तळाला जाऊन कुजतो.
- जाळ्यात, पंख्यात अडकलेले तुकडे दुसऱ्या तळ्यात नेऊ नका. सांडपाण्याचं खत मिळालं तर ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते.

पावसाळ्यात उकाईचं पाणी सुटलं की बरीच जलपर्णी वाहून जाते आणि खाऱ्या पाण्यात मरते. पण बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून पूर ओसरल्यावर, थर लहान असतानाच काढायला लागा.

पहाटे मासे वर येताना दिसले तर जागा आणि वेळ संस्थेत कळवा.

आपला,
सचिव