आयक्यूचा आकडा आणि मोंढ्यातला हिशेब
(बुद्धीचं मोजमाप : लेखांक चौथा)

बुद्ध्यांकाच्या चाचणीत सरासरी १०० धरतात आणि शंभरातले साधारण ६८ जण ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात, इथपर्यंत आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. आता पुढचा प्रश्न. आकडा मोठा असला म्हणजे माणूस आयुष्यात पुढे जातोच का? "पोरगं हुशार आहे, पण व्यवहार कळत नाही" आणि "शाळा शिकला नाही, पण डोकं तेज आहे" ही दोन्ही वाक्यं उमरीत आपण सर्रास ऐकतो. दोन्ही एकाच वेळी खरी कशी?

आयक्यू काढायला मानसशास्त्रज्ञाकडे जाणारी मुलं आपल्या तालुक्यात विरळाच. पण 'बुद्धिमत्ता चाचणी' हे शब्द घराघरांत माहीत आहेत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात या विषयाचे ५० प्रश्न असतात, १०० गुणांचे. शंकरनगरच्या नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश हवा, तर निवड चाचणीतले ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेतही हाच भाग आहे. अंकमालिका पूर्ण करा, गटात न बसणारा घटक ओळखा, आरशातली प्रतिमा निवडा, सांकेतिक भाषा उलगडा. आयक्यूच्या चाचण्यांमध्येही याच जातीचे प्रश्न भेटतात.

एक फरक मात्र मोठा आहे. आयक्यूची चाचणी मुलाने आधी पाहिलेली नसावी, असं गृहीत धरलेलं असतं. शिष्यवृत्तीची चाचणी मुलं वर्षभर घोटतात. सरावाने गुण वाढतात, आणि वाढावेतच. पण शंभर प्रश्नसंच सोडवलेलं मूल आणि आरशातल्या प्रतिमेचा प्रश्न परीक्षेतच पहिल्यांदा पाहणारं वाडी-तांड्यावरचं मूल यांच्या गुणांतला फरक बुद्धीचा किती आणि सरावाचा किती, हे त्या गुणपत्रिकेवरून कोणालाच सांगता येणार नाही.

मुळात ही चाचणी कशासाठी निघाली? पॅरिसच्या शाळांमध्ये जी मुलं मागे पडत होती, ती वेळीच ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ती तयार केली. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली, न बदलणारी गोष्ट आहे असं मानायला बिने तयार नव्हते. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाच्या कसरती सुचवल्या होत्या. ही चाचणी मराठीत यायला फार काळ लागला नाही. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिची मराठी आणि कन्नड रूपं इथल्या मुलांवर तपासून तयार केली आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर पुस्तक लिहिलं. बिने-कामत नावाची ती चाचणी आजही वापरात आहे.

शेतकऱ्यांना माती परीक्षणाचा अहवाल नवा नाही. जमिनीत काय कमी आहे आणि काय घालावं, हे तो सांगतो. एकरी उतारा किती येईल ते सांगत नाही. ते पाऊस, बियाणं, मेहनत आणि भाव यांच्या हाती. बिने यांना चाचणीचा असा अहवालच हवा होता. पुढच्यांनी तिच्यावरून थेट उताऱ्याचं भाकीत सुरू केलं.

हे भाकीत कितपत खरं ठरतं, ते आकड्यांत पाहू. दोन गोष्टींचा संबंध शून्य ते एक या मापात सांगतात : शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध. इंग्लंडमध्ये ७० हजारांहून अधिक मुलांची अकराव्या वर्षीची बुद्धिमत्ता आणि सोळाव्या वर्षीचे शालेय परीक्षेतले गुण ताडून पाहिले, तेव्हा हा संबंध ०.८१ निघाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास स्पष्ट सांगतो की शाळेतल्या यशाचा अंदाज बुद्ध्यांक चांगला देतो. म्हणून 'आयक्यू म्हणजे थोतांड' असं म्हणून मोकळं होता येत नाही.

नोकरीत शिरलं की चित्र पालटतं. बौद्धिक क्षमता आणि कामातली कामगिरी यांचा संबंध ०.५१ आहे, असं श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये मांडलं. त्यांच्या हिशेबातल्या काही दुरुस्त्या जास्तच सढळ होत्या, असं दाखवून सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तो आकडा ०.३१ वर आणला. ०.३१ चा वर्ग केला तर साधारण एक दशांश येतो. म्हणजे माणसामाणसाच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला दहावा हिस्सा या आकड्याने उलगडतो. बाकीचा नऊ दशांश दुसरीकडे शोधावा लागतो.

दुसरीकडे म्हणजे कुठे? अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ पासून सुमारे १५०० अतिबुद्धिमान मुलं निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा मागोवा ठेवला. बहुतेकांचं चांगलं झालं. पुष्कळजण डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाले. पण त्यांतले सर्वांत यशस्वी आणि सर्वांत मागे राहिलेले पुरुष शेजारी ठेवून पाहिले, तर बुद्ध्यांकात म्हणावा असा फरक नव्हता. फरक होता चिकाटीत, आत्मविश्वासात आणि घरातून मिळालेल्या पाठबळात. त्याच निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं गुण कमी पडल्यामुळे बाहेर राहिली. मोठेपणी दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी एकालाही नोबेल मिळालं नाही.

आता मोंढ्यात येऊ. समजा, सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,२५० रुपये आहे आणि माल भरला ४ क्विंटल ३५ किलो. शाळेतलं मूल ४.३५ गुणिले ४,२५० असं मांडेल आणि दशांश चिन्हाशी झटत बसेल. अडतीवर बसणारा पोऱ्या म्हणेल, चार क्विंटलचे सतरा हजार, किलोला साडेबेचाळीस म्हणजे पस्तीस किलोचे चौदाशे साडेसत्त्याऐंशी, झाले अठरा हजार चारशे साडेसत्त्याऐंशी. आता त्यातून हमाली-तोलाई काढा. मूठभर दाणे हातात घेऊन ओल किती, माती किती, हे सांगणारा हमालही तिथेच असतो. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी अशा शहाणपणाला व्यवहारबुद्धी म्हटलं : कामात राहून अंगी येणारं, कोणी न शिकवलेलं ज्ञान.

हे दोन हिशेब एकमेकांत सहजासहजी मिसळत नाहीत. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला एक अभ्यास कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांवर झाला होता; अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्याच्या लेखकांपैकी. ही मुलं अवघड व्यवहार तोंडी करत, पण तेवढीच किंवा त्याहून सोपी उदाहरणं पुस्तकी पद्धतीने मांडली की अडत. जवळच्या शाळांमधल्या ४७१ मुलांचं नेमकं उलट झालं. बाजारातला जो हिशेब एक तृतीयांशाहून अधिक विक्रेत्या मुलांना जमला, तो शाळेतल्या फक्त एक टक्का मुलांना जमला. ढ कोणीच नव्हतं. शाळा आणि बाजार यांच्यामधला रस्ता कोणी बांधलेला नव्हता.

आकडा स्वतःही एका जागी थांबत नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची ऊसतोडीच्या आधी, पैशाची ओढाताण असताना, आणि नंतर पैसे हाती आल्यावर चाचणी घेतली. तोच शेतकरी आधी कमी गुण मिळवत होता, नंतर जास्त. २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला हा निष्कर्ष मराठवाड्याने विशेष लक्षात ठेवावा. कर्जाचा घोर लागलेल्या घरातल्या माणसाच्या डोक्याचा मोठा भाग आधीच कामाला जुंपलेला असतो. शिक्षणानेही आकडा हलतो. सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये झाला. त्यात शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यांक एक ते पाच गुणांनी वाढतो असं आढळलं. म्हणजे दहावीनंतर मुलीचं शिक्षण थांबवणारं घर तिच्या बुद्ध्यांकातही कपात करत असतं.

खरं तर आपल्या भागाने या वादाचा निकाल कधीच लावला आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून पुढे आलेला 'लातूर पॅटर्न' आठवा. बुद्धी जन्मजात ठरलेली आहे यावर लातूरकरांचा विश्वास असता, तर जादा तास, सराव परीक्षा आणि पुन्हा सराव यांचा खटाटोप त्यांनी केलाच नसता. गुण मेहनतीने वाढतात, हे या पॅटर्नने दाखवलं. त्याची मर्यादाही तिथेच आहे : तो शाळा-परीक्षेच्या बाजूचा रस्ता पक्का करतो, व्यवहाराच्या बाजूचा नाही.

व्यवहाराच्या बाजूचं शहाणपण काय करू शकतं, हे उमरीला कोणी सांगायला नको. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी इथली बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. कोणावर विश्वास टाकायचा, कोणती वेळ साधायची, बिनसलं तर काय करायचं, असले प्रश्न कोणत्याही चाचणीच्या पुस्तिकेत नसतात.

तेव्हा निष्कर्ष असा : बुद्ध्यांक खोटा नाही, पण तो शाळेच्या जवळचा आहे. शाळेपासून जितकं लांब जावं, तितकी त्याची पकड ढिली होते.

पालक आणि शिक्षकांना दोन विनंत्या. बुद्धिमत्ता चाचणीत मुलाला कमी गुण पडले, तर किती पडले यापेक्षा कोणत्या प्रकारचे प्रश्न चुकले ते पाहा आणि तिथे मदत करा. बिने यांना हेच अपेक्षित होतं. आणि ज्याला पैकीच्या पैकी मिळाले, त्याला पुढच्या सुट्टीत मोंढ्यात न्या. आपल्या मालाची पट्टी त्याच्याकडून तपासून घ्या. चुकली तर रागावू नका, पुन्हा न्या.