मूत्रपिंडाच्या रोग्याची कंड

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्तातील त्याज्य द्रव्ये यंत्राच्या साहाय्याने काढावी लागतात. या अपोहनाने, म्हणजेच डायलिसिसने, रोग्याचे प्राण वाचतात. अंगाची कंड मात्र पुष्कळदा तशीच राहते. १९९६ ते २००४ या काळात बारा देशांतील अशा रोग्यांची पाहणी झाली, तीत सुमारे ४२ टक्के रोग्यांना मध्यम ते तीव्र कंडीचा जाच असल्याचे आढळले.

या कंडीचे वैशिष्ट्य असे की, कातडीवर पुरळ दिसत नाही, गांधी उठत नाहीत. दिसतात ते केवळ नखांचे ओरखडे. पाठ विशेष खाजते, आणि रात्री अधिक. झोप मोडते, मन खिन्न होते. तरीही कित्येक रोगी ही तक्रार बोलून दाखवीत नाहीत. खाजेचा मूत्रपिंडाशी काही संबंध असेल, हे त्यांच्या ध्यानीच येत नाही. आणि डॉक्टरांनी आपण होऊन विचारावे, तर तेही क्वचितच घडते.

अंगावर पित्त उठल्यास देतात त्या गोळ्यांचा येथे फारसा उपयोग नाही. या कंडीचे मूळ काही अंशी मज्जातंतूंच्या संदेशवहनात असावे. ते संदेश आवरणारे नालफुराफिन हे औषध जपानात २००९ साली, तर डिफेलिकेफालिन अमेरिकेत २०२१ साली मान्य झाले. कोरड्या त्वचेस नित्य स्निग्ध मलम लावणे, हा त्याआधीचा आणि स्वस्त उपाय.